अर्धा तास बसा

मेसेज मी लिहितो, असं मी म्हणालो. बायको म्हणत होती, "अहो, मी करते ना सगळ्यांना फोन." पण मी म्हटलं, नको, तोंडी गोष्टींचा गोंधळ होतो, लेखी असलेलं बरं. बस्स, माझा गुन्हा एवढाच. पण आमच्या घरात हा विषय अजूनही चहाबरोबर निघतो आणि चहा संपला तरी संपत नाही.

आधी थोडं मागचं सांगायला हवं. माझे वडील लॉकडाऊनमध्ये गेले. आधी खोकला, मग अँब्युलन्स, मग रोज संध्याकाळी हॉस्पिटलचा फोन. रोज आवाज वेगळा, वाक्य एकच: "पेशंट स्टेबल आहे." एका दुपारी अवेळी फोन आला आणि वाक्य बदललं. आम्हाला जवळ जाऊ दिलं नाही. डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या प्लास्टिकमधल्या चार माणसांनी त्यांना स्मशानात गाडीतून उतरवलं आणि आत नेलं. आई, बायको आणि मी कुंपणाबाहेर उभे होतो. आईनं विचारलं, "यातलं ओळखीचं कोण आहे रे?"

मी म्हटलं, "कोणी नाही, आई."

ती रडली नाही. घरी येऊन तिनं साबणानं हात धुतले (किती वेळ धुवायचे, हा नियम माझाच) आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला उठून कामाला लागली. पुढचे दहा महिने ती तशीच कामाला लागलेली होती. मला त्याची भीती वाटायची. बायकोला तर फारच वाटायची.

बाबा विजेचे मीटर वाचायचे. आमच्या गावातला एकही जिना त्यांनी चढायचा ठेवला नव्हता. आणि त्यांचं दुसरं काम बिनपगारी होतं: कोणाकडे कोणी गेलं की हे पहिले हजर. खांदा द्यायला हे, नंतर त्या घरी जाऊन बसायलाही हेच. बोलायचे नाहीत फारसे. नुसते बसायचे. त्यांची निम्मी रजा दुसऱ्यांच्या मरणांत गेली. आई चिडायची, म्हणायची, "आपल्याकडे काही झालं की बघूच, किती येतात ते." आणि त्यांच्या वेळी एक माणूस आलं नाही. कोणाला येताच येत नव्हतं, हे आईला कळत होतं. पण कळून काय उपयोग?

मग लस आली. साठीच्या पुढच्यांना आधी, म्हणून आईचा नंबर लागला. हॉस्पिटलात तिला टोचलं, अर्धा तास खुर्चीवर बसवलं, आणि शेजारच्या खुर्चीतल्या कोणा बाईशी ती बोलत बसली. घरी आली ती जरा वेगळीच दिसत होती. त्याच आठवड्यात निर्बंध उठायला लागले. दुकानं दिवसभर उघडी, बस सुरू, हॉलमध्ये पन्नास माणसांना परवानगी. आईनं पेपर खाली ठेवला आणि म्हणाली, "ह्यांच्यासाठी माणसं बोलावू या. नुसती येऊन बसू देत. मला एकदा रडायचंय रे, पण एकटीला जमतच नाही."

आता सांगा, असं आईनं म्हटल्यावर कोणता मुलगा जीव तोडून काम करणार नाही? मी तोडला.

मी ऑफिसात परिपत्रकं लिहितो. साथीच्या काळात तर माझी कला नुसती बहरली होती. दाराचा कडी-कोयंडा कोपराने कसा उघडावा यावर मी दीड पानी परिपत्रक काढलं होतं. साहेबांनी ते वाचून डोळे मिटले होते (मला ते समाधान वाटलं होतं). तेव्हा शोकसभेचा मेसेजही मी त्याच तोलामोलाचा केला. हॉल शाळेचा मिळाला. शाळा बंदच होती, बाजूच्या वर्गांमध्ये लसीकरण चालू होतं, हॉल मोकळा होता. आदल्या संध्याकाळी मी टेप घेऊन गेलो, दोन-दोन मीटरवर खडूनं गोल काढले, प्रत्येक गोलात एकेक खुर्ची ठेवली. दारात टेबल, टेबलावर सॅनिटायझर, ताप बघायचं पिस्तूल, पाण्याच्या बाटल्या आणि बिस्किटांचे पुडे. लांबून पाहिलं आणि मला स्वतःचाच अभिमान वाटला.

सकाळी आई समोरच्या खुर्चीवर बसली. शेजारी टेबलावर बाबांचा फोटो. आणि समोर रिकामे गोल.

सांगितलेली वेळ झाली. टळली. एक कुत्रं दारात येऊन आत बघून गेलं. आईनं पदर नीट केला, मान वळवून माझ्याकडे पाहिलं, पुन्हा समोर पाहू लागली.

बायको माझा मोबाईल घेऊन कोपऱ्यात मेसेज वाचत होती. वाचता वाचता तिचा चेहरा बदलत गेला.

"अहो, हे काय आहे? साठ वर्षांवरील व्यक्तींनी धोका लक्षात घेता येऊ नये?"

"बरोबरच आहे. त्यांना धोका जास्त."

"आणि साठ वर्षांखालील व्यक्तींनी लस घेतली नसल्यास येऊ नये?"

"अगं, सुरक्षितता नको का?"

"साठीखालच्यांना लस अजून सुरूच झाली नाहीये!" तिचा आवाज चढला, मग आईकडे बघून तिनं तो दाबला. "मग आता येणार कोण? जन्माला यायचीत ती?"

खरं म्हणजे त्या हिशोबानं मला आणि आईलाही प्रवेश नव्हता.

ती पुढे वाचत होती. "सांत्वन दोन मीटर अंतरावरून करावे... रडताना मास्क खाली घेऊ नये... रडणे अनावर झाल्यास सभागृहाबाहेर जावे. अहो, माणसाचा बाप गेलाय की गॅसगळती झालीय?"

तेवढ्यात मामेभावाचा फोन आला. "यायचं फार मनात होतं रे," तो म्हणाला, "पण मी तुझ्या कुठल्याच नियमात बसत नाही. घरूनच सांत्वन केलं तर चालेल ना? अंतर भरपूर आहे."

मी फोन ठेवला. आई दहा महिने ज्याची वाट बघत होती ते मी एका मेसेजमध्ये मारून टाकलं होतं. आता तिला काय तोंडानं सांगू?

आणि त्याच क्षणी दारात एक म्हातारे गृहस्थ उभे राहिले. मास्क, टोपी, एक हात दुसऱ्या दंडावर.

"इथंच बसायचं ना?"

"हो हो! या ना, या!" मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. बाबांच्या ऑफिसातले असणार, मास्कमुळे कळत नव्हतं इतकंच.

"अर्धा तास सांगितलंय."

"बरोबर. नियमच आहे तसा." (नियम बारावा. निदान एकानं तरी मन लावून वाचला होता.)

ते बसले. त्यांच्यामागून एक बाई आल्या. मग एक जोडपं, मग दोघं, मग एकदम पाचसहा. सगळे वयस्कर, सगळे गंभीर, सगळे मुकाट एकेका गोलात. हॉल भरला. मी बायकोकडे असं पाहिलं, जणू म्हणत होतो, आता बोल.

मग मी भाषणाला उभा राहिलो. चांगलं पाठ केलं होतं. "आज आपण सगळे एका दुःखानं इथं जमलो आहोत. बाबांचं असं अचानक जाणं आपल्या प्रत्येकाला जड गेलं..."

तिसऱ्या रांगेतल्या आजींनी हात वर केला. "रात्री ताप येतो का हो?"

मी गोंधळलो. "कोणाला?"

"मला. म्हणजे आला तर कुठली गोळी घ्यायची?"

"आणि अंघोळ केली तर चालते का?" मागून एकानं विचारलं.

"चालते, पण तो हात चोळू नका," दुसऱ्या कोणीतरी परस्पर सांगितलं.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी भाषण तसंच टाकून व्हरांड्यात पळालो. तिथं एक तरुण नर्स लस घेतलेल्यांना एकामागून एक आमच्या दाराकडे पिटाळत होती. "सरळ जा, खुर्चीवर बसा, अर्धा तास उठू नका."

"अहो ताई, ती आमची शोकसभा आहे!"

तिनं जीभ चावली. "अगंबाई! आमच्या बसायच्या मांडवात ऊन यायला लागलं, तर मला वाटलं ऑफिसनं हॉल दिला. इतक्या नीट मापात खुर्च्या, पाणी, बिस्किटं... सॉरी हं काका. उठवू का सगळ्यांना?"

(काका! माझ्याहून फार तर दहा वर्षांनी लहान असेल.)

मी 'हो' म्हणणार होतो. पण मागून बायकोनं माझी बाही ओढली. "थांबा. आत बघा आधी."

आत आई खुर्चीवर नव्हती. म्हणजे खुर्चीवरच होती, पण खुर्ची ओढत नेऊन ती पहिल्या रांगेतल्या बाईंच्या गुडघ्याला गुडघे लावून बसली होती. माझा खडूचा गोल पार पुसला गेला होता. त्या बाई सांगत होत्या, "माझा मुलगा गेला हो. तिकडं लांब, परक्या शहरात. मी मोबाईलवर पाहिलं. माझ्याकडंही कोणी आलं नाही." आणि आई त्यांचा हात धरून रडत होती. मोठ्यानं, मास्क हनुवटीखाली घेऊन, दहा महिन्यांचं सगळं एकदम. मी आईला असं रडताना लहानपणापासून कधी पाहिलं नव्हतं.

तरी सवयीनं मी म्हणालो, "पण दोन मीटर..."

"एक शब्द बोलू नका," बायको म्हणाली. तीही रडत होती.

मग मी काय केलं? नर्सला सांगितलं, लोक पाठवत राहा, फक्त आत येऊन ओरडू नका. त्यानंतर मी दारात उभा राहून माणसं आत घेत होतो, आणि ज्यांची वेळ झाली त्यांच्या कानाशी जाऊन हळूच "निघालात तरी चालेल" म्हणत होतो. पण निघत नव्हतं कोणी. खुर्च्या सरकत होत्या. कोणाची बहीण गेलेली, कोणाचा नवरा, कुठं एकाच घरातले दोघं. सगळ्यांचंच साचलेलं होतं. त्या आजी तर तापाची गोळी विसरूनच गेल्या.

पहिले आलेले टोपीवाले गृहस्थ बाबांच्या फोटोसमोर जाऊन उभे राहिले. "हे मीटरवाले ना?" ते आईला म्हणाले. "आमचा कुत्रा चावला होता यांना."

"तो मेला तुमचा होता होय!" आई रडता रडता ताडकन म्हणाली. "किती इंजेक्शनं घ्यावी लागली ह्यांना!"

"हो ना. आम्हाला वाटलं आता काही येत नाहीत. तर पुढच्या महिन्यात बिस्किटाचा पुडा घेऊन हजर. कुत्र्यासाठी."

"मला म्हणाले होते ऑफिसात चहाबरोबर खाल्ला," आई म्हणाली, आणि हसायलाच लागली. फोटोकडे बघून हसली, मग पुन्हा रडली.

तेवढ्यात घाम पुसत काका आले, बाबांचे धाकटे भाऊ. दूरच्या गावी शिवणकाम करतात. अख्ख्या नातेवाइकांत हे एकटे आले, म्हणून मला भरून आलं.

"काका, माझा मेसेज वाचून आलात?"

"कसला मेसेज? माझा फोन साधा, तो नुसता वाजतो. वहिनींनी फोन केला, ये म्हणाल्या, आलो. बस वाटेत बंद पडली, म्हणून उशीर." मग त्यांनी हॉलभर नजर फिरवली आणि त्यांचे डोळे भरले. "वहिनी, केवढी माणसं आली हो दादासाठी! कोण कोण आहेत?"

आता आईला कळणार. मी काकांना बाजूला घ्यायला पुढे झालो.

आईनं पदरानं डोळे पुसले. "लस घ्यायला आलेत बिचारे. टोचल्यावर अर्धा तास बसावं लागतं. तूही बस."

"आई! तुला माहीत होतं?"

"आंधळी आहे का मी? जो येतो तो दंड धरून येतो. आणि हॉस्पिटलात मी नाही का बसले अशीच?"

"मग तू इतकी रडलीस ती... ओळखीचं एकही नसताना?"

"त्या दिवशी ह्यांना नेलं ते चौघं तरी कुठं ओळखीचे होते?" आई म्हणाली. "पण नेलं ना त्यांनी नीट, अलगद? मी बघत होते की कुंपणातून."

काका माझ्या खांद्यावर हात ठेवून बसले. अंतर अजिबात न ठेवता.

दुपारी लसीकरण संपलं, माणसं गेली. त्या मुलगा गेलेल्या बाईंनी आईचा नंबर घेतला. मी खुर्च्या उचलायला लागलो तर नर्स म्हणाली, "राहू द्या काका, उद्याही लागतील. अशा कोणी लावत नाही हो." मी तेवढ्यावरही खूश झालो.

फाटकापाशी आई थांबली. एका हातात बाबांचा फोटो, दुसऱ्या हातात बायकोचा हात.

"एक आत्ताच सांगून ठेवते. माझ्या वेळी..."

"आई, असलं काही बोलू नकोस गं."

"ऐक आधी. माझ्या वेळी फोन हिनं करायचे. सगळ्यांना, एकेकाला. तू काही लिहायचं नाहीस."

"बरं," मी म्हणालो. "आणि मी काय करू?"

आईनं जरा विचार केला. मुलाला अगदीच नाउमेद करायचं तिच्या जिवावर आलं असावं.

"तू खुर्च्या लाव," ती म्हणाली. "फक्त जरा जवळ जवळ."