मशीनले आवडलं कुंकू

"माणसाचा हातच लागणार नाई!" हे वाक्य दुर्गेशनं त्या आठवड्यात इतक्या वेळा म्हटलं, का बेसा भागातल्या त्याच्या गल्लीतले कुत्रेबी भुंकायचं सोडून तेच म्हणू लागले!

दुर्गेशचा बुटीबोरीले प्लायवूडचा कारखाना. तिथं त्यानं प्लाय तपासायचं नवंकोरं मशीन आणलं. लांबीले एवढं, का या टोकाचा माणूस चहा सांगे अन् त्या टोकाले पोचेपर्यंत चहाचं सरबत होऊन जाये! शीट पट्ट्यावरून सरकली का वरचा कॅमेरा तिले न्याहाळे. पसंत पडली तर हिरवा दिवा, अन् वरून शिक्का, ठप्प! नाई पसंत पडली का लाल दिवा, अन् बाजूचा लोखंडी हात तिले असा ढकलून देये, जसा बिनतिकिटाचा माणूस कंडक्टरनं उतरवावा!

त्या दिवशी दुपारी कामिनी मॅडम येणार होत्या. मॉड्युलर किचन बनवणारी मोठी पार्टी. त्याइनं आधीच बजावलं होतं, "मशीन चालताना दाखवा. पटलं तर वर्षभराचं काम तुमचं. नाहीतर रायपूरवाले तयारच आहेत."

म्हणून दुर्गेश सकाळपासूनच तयार. पण मशीन बसवून देणारा इंजिनियर पियूष, त्याची नेमकी दाढ ठणकली! गाल असा सुजला, का एका गालासाठी येगळं हेल्मेट घ्या लागलं असतं. धंतोलीले दातांच्या डॉक्टरकडे निघता निघता तो म्हणाला, "भाऊ, पहिली शीट नीट निवडून टाका. तिलेच पाहून मशीन शिकते. चांगला माल म्हणजे असाच, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसते."

दुर्गेशनं आरशासारखी शीट निवडली. पट्ट्यावर ठेवणार, तेवढ्यात त्याची आई, गोपिकाबाई, पूजेचं ताट घेऊन आडवी!

"काहून गा, पहिली शीट अशीच कोरी धाडून राहिला? देवाधर्माचं काही हाय का नाई?"

"आई, तू मशीनवर काढलं ना स्वस्तिक!"

"मशीनवर काढलं, त्याच्या खोक्यावर काढलं. मालानं काय पाप केलं?"

झालं! शीटच्या मधोमध कुंकवाचं परातीएवढं स्वस्तिक, वर मूठभर अक्षता. नारळ फुटला, शीट आत गेली, हिरवा दिवा लागला! टाळ्या! दुर्गेशची छाती अशी फुगली, का शर्टाच्या बटनाइनं एकमेकाचा निरोप घेतला.

दुसरी शीट गेली. लाल दिवा! धाड! ढिगाऱ्यात.

तिसरी. लाल!

"भाऊ," मशीन चालवणारा धर्मेंद्र डोकं खाजवत म्हणाला, "हे तं साऱ्याइलेच हाकलून राहिलं!"

"जुना माल असंल. ताजा टाक!"

ताजा टाकला. लाल! पुसून टाकला, पालथा टाकला, हात जोडून टाकला. लालच लाल! ढिगारा छताले टेकला, अन् छतावरचे कबुतर 'खाली जागा हाय का' म्हणून पाहू लागले!

दुर्गेशनं पियूषले फोन लावला. तिकून नुसतं "ऊं... ऊं..." पठ्ठ्याच्या तोंडात कापूस! शेवटी त्यानं लिहून विचारलं, 'पहिली शीट कोणती टाकली? फोटो पाठवा.' फोटो गेला. उत्तर आलं, 'भाऊ, आता त्याले वाटते का कुंकू-अक्षता असते तोच चांगला माल. ते पुसायचा पासवर्ड माझ्याजवळ हाय. संध्याकाळी येतो.'

"संध्याकाळी? मॅडम आत्ता येऊन राहिल्या!" दुर्गेश मटकन खालीच बसला.

गोपिकाबाई मात्र पदर खोचून उभी. "मंग त्यात काय? लावा साऱ्याइले कुंकू!"

अन् भरला ना बापा मेळावा! पॅकिंगच्या बाया कुंकू कालवून राहिल्या, धर्मेंद्र स्वस्तिक काढून राहिला, दुर्गेश स्वतः लाल हातानं शीटा उचलून राहिला. पहिली नटलेली शीट आत गेली, तरी लाल!

"अक्षता राहिल्या नं मेल्यांनो!" गोपिकाबाई ओरडली.

अक्षता टाकल्या. हिरवा! ठप्प! हिरवा! ठप्प! बाया गाणे म्हणू लागल्या. घामाघूम दुर्गेशनं लाल हातानंच टकलावरून घाम पुसला. त्याचं कपाळ कुठं संपते अन् डोकं कुठं सुरू होते हे त्याच्या न्हाव्यालेबी ठाऊक नाई, त्यामुळे कुंकू पार मागपर्यंत गेलं. आईनं खुशीखुशीत त्याच्यावरबी मूठभर अक्षता उधळल्या.

तेवढ्यात एक शीट आत अडकली. दुर्गेशनं काय झालं म्हणून कॅमेऱ्याखाली डोकं घातलं.

हिरवा दिवा! ठप्प!

"वा!" मागून आवाज आला. दारात कामिनी मॅडम. "मालकही पास झाले वाटतं?"

दुर्गेशनं डोकं बाहेर काढलं. "मॅडम, हे... हे मशीन लय हुशार हाय. माणसाचा हातच..." अन् आपले लाल हात पाठीमागं लपवले.

मॅडम हसू आवरत ढिगाऱ्याकडे गेल्या. एक शीट टकटक वाजवली. दुसरीवरून तळहात फिरवला. तिसरी धर्मेंद्रकडून वाकवून पाहिली.

"माल तर उत्तम आहे! हा कोणी नापास केला?"

"मशीननं," दुर्गेश जमिनीले सांगून राहिला.

"मग मला हाच ढिगारा पाठवा. वर्षभराचं काम तुमचं. फक्त माझा माल त्या मशीनमधून काढू नका!"

काम मिळालं! गोपिकाबाईनं लगेच सांगून टाकलं का पूजा पावली.

संध्याकाळी पियूषनं मशीनले नव्यानं सगळं शिकवलं. पण शिक्क्याची शाई पक्की! साबण झाला, रॉकेल झालं, नारळाची शेंडी झाली, टक्कल चकचकीत अन् शिक्का त्याहून चकचकीत. घरी दुर्गेश टोपी घालूनच जेवायले बसला. बायकोनं, शामलानं, टोपी उचलली अन् मोठ्यानं वाचलं, "एक नंबर माल. वाळवी लागणार नाई. पंधरा वर्षं गॅरंटी."

तिनं नवऱ्याले वरून खालपर्यंत पाहिलं. मंग मागून फिरून पाहिलं.

"अवो," ती म्हणाली, "पियूषले फोन लावा. मशीन अजूनबी बिघडलेलंच हाय!"