काठावरचा मोकळा हात

थांबा, आधी हे ऐका! आत्ताच्या आत्ता टाइप केलं नाही तर माझं डोकं फुटेल.

पळसदरीत आमच्या शेजारी म्हात्रे सर राहतात. केमिस्ट्री शिकवून रिटायर झालेत. मिसळ आली की हा माणूस खात नाही, वाटीला डोळा लावून बसतो. तर्री कुठे संपते न् खालचा रस्सा कुठे सुरू होतो, ते बघत! मिसळ गार होते. मग हॉटेलवाल्यावरच ओरडणार, "गार काय देतोस रं?"

आणि चुकून कुणी म्हणालं, "त्या दोघांचं तेल-पाणी हाय, पटत नाय," की संपलंच.

"पाणी तेलावर चिडलेलं नसतं रं! पाण्याचे रेणू एकमेकांचे हात धरून बसतात, सोडतच नाय. पण अगदी काठावरचा रेणू बघ. त्याचा एक हात मोकळा. तो तेलाकडं केलेला! कळलं का, गाढवांनो?"

आज दुपारी सरांच्या घरी काकू, म्हणजे त्यांची बायको, भजी तळत होत्या, मी ताटली घेऊन टपून उभी. सरांना एकदम मला प्रयोग दाखवायचा चेव आला. ओल्या बोटांचं पाणी झटकलं, ते थेट कढईत! केमिस्ट्रीचा मास्तर! चर्रकन तेल उडालं ते काकूंच्या मनगटावर.

मी एवढी भडकले! "सर, डोकं ठिकाणावर आहे का?"

काकू ओरडल्यासुद्धा नाहीत. गॅस बंद केला, हात नळाखाली धरला आणि आम्हा दोघांना बाहेर काढून स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. आतून आवाज आला, "ह्यांना सांग गं, मी उद्या लोधिवलीला भावाकडं चालले. परत यायची नाय."

"जा म्हणावं!" सर गरजले. "आणि भज्यांत मीठ जास्त हाय म्हणावं!"

"मी नाही सांगणार. तुमचं तुम्ही बोला!" म्हणून मी तणतणत चपला शोधायला लागले. वळून बघते तर सर मलमाची ट्यूब घेऊन दाराशी उभे. झाकण काढतायत, लावतायत, परत काढतायत.

"सुमे," काकूंना हाक मारली, आवाज एवढासा, "हात दे गं."

आतून कडी वाजली. मग दार वीतभर उघडलं. फटीतून भाजलेला हात तेवढा बाहेर आला. तोंड नाही दाखवलं. सर फुंकर घालत मलम लावत होते, पुटपुटत होते, "गाढव हाय मी, गाढव."

"हळू लावा," आतून आलं. "आणि मीठ बरोबर होतं."

माझा राग अजून गेलेला नाही हां! पण खरं सांगा, तुमच्याकडे कधी भांडणात दार असं वीतभर उघडलंय का?