आत्याचं इन्सुलिन आन माहा सडवा

पैलेच सांगून ठेवतो, मधात कोनी टोकू नका. आमच्या देवकाआत्याले आजपर्यंत कोनी हरवलं नाई. ठेकेदारानं नाई, ग्रामसेवकानं नाई. एकदा तर वावरात घुसलेलं अस्वल तिनं नुसता खराटा दाखवून पळवलं. अशा बाईले मी हरवलं. एकट्यानं! बायोटेक्नॉलॉजीच्या जोरावर! कसं ते आता आयका.

आत्या म्हनजे माह्या बाबाची मोठी बहीन. आमी ढिवर. मुलचेऱ्याच्या अलीकडं आमचं गाव, गावचा तलाव आमच्या मच्छीमार सोसायटीकडं. साठी उलटली तरी आत्या कमरेएवढ्या पान्यात उभी राहून असं जाळं फेकते का मासे सोता चालत यावे. तिचा नवरा, म्हनजे माहा मामा, दारूनं गेला. तवापासून ती आमच्याच घरी राह्यते आन गावच्या दारूबंदी समितीची अध्यक्ष हाये. जिल्ह्यात दारूबंदी कागदावर असन, आमच्या गावात ती काठी घेऊन फिरते. दारू गाळाच्या आंधी मोहफुलं नाईतर गूळ पान्यात भिजवून सडवतात ना, त्याले सडवा म्हनतात. आत्याले तीन घरं पलीकडून त्याचा वास येते. पोलिसायचं कुत्रं तिच्यापुढं सर्दी झाल्यावानी वाटते.

तर यंदा तलावात शिंगी मासोळीचा काटा आत्याच्या पायाच्या अंगठ्याले टोचला. दरवर्सीच टोचते, दोन दिवसात बरं होते. यंदा महिना झाला, जखम भरेच ना. दवाखान्यात नेलं तर शुगर चारशेच्या वर. डॉक्टर म्हने, "गोळ्यांनी भागत नाही आता. इन्सुलिन सुरू करा, नाहीतर अंगठा काढावा लागेल."

आत्या म्हने, "काढा."

"अहो बाई, इन्सुलिन घेतलं तर काढावा लागणार नाही."

"डुकराच्या पोटातलं पानी मी रगतात घेनार नाई. अंगठा काढा."

झालं असं होतं का वीस-पंचवीस वर्साआंधी बाजारात कोन्या कंपाउंडरनं तिले सांगितलं होतं, हे औषध डुकराच्या पोटातून काढतात. आन खोटं नव्हतं ते. पैले तसंच होतं, डुकराच्या नाईतर गाईच्या पोटातून. पन आता जमाना कुठी गेला! आता हे औषध कारखान्यात बारीक जंतूंकडून बनवून घेतात. हे मी शिकून राह्यलो ना, बी.एस्सी. बायोटेक्नॉलॉजी, दुसरं वर्स, गडचिरोलीले.

गावात दवाखान्याचं काम पायनारी आशाताई दीपिका तर रडकुंडीले आली होती. मले म्हने, "भूपेश, तू तेच शिकते ना बे? समजव ना तुह्या आत्याले. डॉक्टरनं पंधरा दिवस दिले हायेत."

म्या म्हनलं, "पंधरा कायले? मले चार दे."

पैले मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. आत्यानं पुरा पायला. मंग म्हने, "याच मोबाईलमधी काल एक मानूस गाडीवरून उडून हेलिकाप्टरात बसला. तो बी खराच असन."

तवा मले कळलं, आत्याले दिसलं पायजे. हाताले लागलं पायजे. तिच्या डोयापुढं जिता-जागता कारखाना उभा कराले पायजे! आयडिया अशी होती: काई कंपन्या इन्सुलिन खमिराकडून बनवतात. खमीर म्हनजे पावात टाकतात ते, यीस्ट. मोठ्या टाकीत खमीर, त्याले खाले साखर. आपल्या साध्या खमिरातून इन्सुलिन निंगत नाई, हे मले बी मालूम हाये, हसू नका. पन टाकी कशी चालते, जंतू कसा खाते, कसा वाढते, हे तर दाखवता येते. लहान बाटलीत केलं तर आत्या म्हनन सरबत हाये. म्हनून वीस लिटरचा ड्रम घेतला.

बेकरीतून खमीर आनलं. पत्रूच्या दुकानात गेलो, पाच किलो गूळ मांगितला.

पत्रू म्हने, "पाच किलो? लगन हाये काय?"

"प्रयोग हाये, पत्रूभाऊ."

"प्रयोग," म्हने, आन मिशीत हसला. मले वाटलं विज्ञानाचं कौतुक हाये मानसाले.

आता एक गोष्ट मी विसरलो होतो. आमच्या गावात दोन किलोच्या वर कोनी गूळ घेतला का दुकानदारानं समितीले नाव सांगाचं, असा ठराव हाये. ठराव मांडनारी कोन, सांगाले नको.

ड्रम म्या घरामांगच्या कोठ्यात ठेवला. गाई चाराले गेल्या का तिथी कोनी येत नाई, आत्या बी दिवसभर समितीच्या कामानं चावडीवर. कोमट पानी, गूळ, खमीर. वरून तोंडाले दीपिकाकडून आनलेला दवाखान्यातला रबरी हातमोजा चढवून दोरीनं आवळून बांधला. खमीर जसा गूळ खाईन, तशी हवा निंगन आन मोजा फुगन. पुरावा! आत्यापुढं रविवारी उद्घाटन कराचं, तोवर कोनाले सांगाचं नाई.

दुसऱ्या दिवशी दुपारी पायतो तर काय! मोजा फुगून असा टरारला होता का पाची बोटं आभायाकडं. ड्रम बुडबुड करून राह्यला होता आन तो हात वरतून जरा जरा हालून राह्यला होता. मले तर पदवीच भेटल्यावानी वाटलं. वही काढली, मोज्याची उंची लिहाले बसलो.

तेवढ्यात वासावर पोचूभाऊ आला. पोचूभाऊ म्हनजे दारूबंदीचा गावातला एकुलता एक पीडित. कोठ्याच्या दारात उभा राहून त्यानं असा श्वास घेतला जसा लहान लेकरू मायच्या लुगड्याचा घेते.

"भूपेश, काय हाये बापा हे?"

"पोचूभाऊ, हे शुगरच्या औषधाचं मॉडेल हाये. मॉडेल. समजलं?"

"समजलं," म्हने.

मी पेन पडला तो उचलाले वाकलो. वर पायतो तर मोज्याची दोरी ढिली, पोचूभाऊच्या हातात गिलास, आन गिलास रिकामा. त्यानं मिशा पुसल्या, मोजा निमूट परत चढवला, दोरी बी बांधली. मानूस कामाचा साफ हाये, हे मानलं पायजे.

इकडं बुधरीबाई पान्याची गुंडी घेऊन मांगच्या वाटेनं चालली होती. कोठ्याची भिंत कमरेएवढी. भिंतीच्या वर तिले दिसला पांढराफटक हात, पाच बोटं, हालून राह्यलेली. बुधरीबाई ओरडली नाई. गुंडी खाली ठेवली आन सरळ चावडीवर आत्याकडं गेली.

"देवकाबाई, तुमच्या कोठ्यात कोनी तरी लपून बसलं हाये. हात वर करून."

आत्या म्हने, "हात वर करून कोन लपते वो?"

तेवढ्यात पत्रू दुकानातून आला, पाच किलो गुळाचं सांगाले. आत्यानं दोन आन दोन जोडले. पायाले पट्टी, हातात काठी, मांगं समितीच्या अकरा बाया. मी वही घेऊन उभा होतो, वर नजर टाकली तर कोठ्याच्या दारात बाराच्या बारा उभ्या!

आत्यानं वास घेतला. एकदाच.

"कोनाचं हाये हे?"

म्या म्हनलं, "आत्या, हे तुह्यासाठीच हाये."

चुकलंच वाक्य. अकरा बायांनी एकमेकींकडं पायलं. समितीच्या अध्यक्षासाठी सडवा, तिच्याच कोठ्यात!

पोचूभाऊ मदतीले धावला. "देवकाबाई, पोट्ट्याले काई बोलू नका. शुगरचं औषध हाये ते. मी घेतलं. माही शुगर उतरली बी."

"तुले शुगर कवा होती?"

"नाई ना आता. उतरली."

आता आमच्या गावची रीत आयका. ज्याचा सडवा सापडला त्यानंच तो सोताच्या डोक्यावर घेऊन चावडीपर्यंत चालाचं. चावडीपुढं सगळ्यांच्या देखत वताचा. आन चावडीच्या भिंतीवर जो काया फळा हाये त्यावर ऑइल पेंटनं नाव लागते. आत्या म्हने, "उचल."

"आत्या, मी भाचा हाये तुहा."

"म्हनून तर बाकीच्यांच्या आंधी उचल म्हनते."

उचलला. वीस लिटर, वर फुगलेला हात. मी जसजसा चालत होतो तसतसा तो हात माह्या डोक्यावर सगळ्या गावाले राम राम करत होता. लोकं घरातून बाहेर येऊन राह्यले. पोचूभाऊ पुढं चालत सांगत होता, "शुगरचं औषध हाये, गुनकारी हाये." चावडी येईपर्यंत पाच-सहा जनं लोटे घेऊन मांगं लागले. सुकलूकाकानं तर भात शिजवाचा गंजच आनला होता!

म्या ओरडलो, "अरे औषध नाई हाये हे! कोनी पिऊ नका! नुसता गुळाचा सडवा हाये!"

बुधरीबाई म्हने, "घ्या. आपल्याच तोंडानं बोलला."

आत्या ओट्यावर बसली. दुखता पाय समोर लांब करून. पट्टी पिवळी पडली होती, ती पाहून मले एकदम दीपिकाले मांगितलेले चार दिवस आठवले. त्यातले दोन गेले होते. नावाचं काई होवो, हिचा अंगठा जाईन. मंग म्या ड्रम खाली ठेवला आन बोलत सुटलो.

"आत्या, वतून टाक, नाव लाव, पन पैले आयक. तुहं औषध डुकरातून येत नाई आता. अशाच टाकीतून येते!"

दीपिका बी धावत आली होती. तिनं पिशवीतून थंड डब्यात ठेवलेलं खोकं काढलं. "पाहा ना देवकाबाई, यावर लिहूनच हाये. ह्यूमन इन्सुलिन."

"ह्यूमन म्हनजे काय?"

"मानूस."

आत्याचे डोये फाटले. "डुकरावरून मानसावर आले! कोनाच्या पोटातून काढलं?"

बाया मांगं सरकल्या. सुकलूकाकानं गंज पाठीमांगं लपवला.

म्या दीपिकाले हात जोडले का माय, तू थांब. "आत्या, कोनाच्याच पोटातून नाई. आयक. आपल्या आंगात इन्सुलिन कसं बनवाचं, याची चिठ्ठी असते. लय बारीक. शास्त्रज्ञायनं ती चिठ्ठी वाचली, तशीच नवी लिहिली, आन खमिराच्या पोटात टाकली. खमिराले काय, तो आपली समजून चिठ्ठी वाचते आन मानसाचं इन्सुलिन बनवते. मंग ते गाळून, साफ करून, तपासून बाटलीत भरतात."

आत्यानं तलावाकडं पायलं. मंग म्हने, "आपल्या तलावात पैले नुसते मरळ-शिंगी होते."

मले कळेना हे कुठी चाललं.

"मंग सरकारनं रोहूचं बीज दिलं, आपन टाकलं. तलाव तोच, पानी तेच. मासा रोहू निंगाला."

"तेच आत्या! तेच!"

"म्हनजे बीज टाकलं त्याच्यात."

"हो!"

पाहा आता. आमचे सर हे तीन लेक्चरात शिकवतात. तिनं चावडीच्या ओट्यावर दोन वाक्यात निपटवलं!

आत्यानं काठीनं ड्रमले टोचलं. "आन हा जो आत बुडबुड करून राह्यला, तो मोहाच्या सडव्यातलाच काय?"

"त्याच जातीचा."

"ज्यानं तुह्या मामाले खाल्लं."

पोचूभाऊनं मान खाली घातली.

"तीस वर्सं मी याचे मडके फोडून राह्यली," आत्या म्हने. "आन त्या लोकायनं याले पकडून कामाले जुंपलं?"

"हो आत्या. दारूच्या जागी औषध बनवाले लावलं."

"सुटी देतात काय त्याले?"

"नाई. टाकीत रातदिवस काम."

"सनाले?"

"सनाले बी नाई."

आत्यानं दीपिकाकडं हात लांब केला. "आन वो ती सुई. किती टाइम घ्या लागते म्हने?"

"दोन टाइम."

"दोन्ही टाइम घेते. राबू दे साल्याले!"

चावडीवर अशा टाळ्या वाजल्या का तलावावरचे बगळे उडाले. सांगा आता, हरवलं का नाई?

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात सिस्टरनं सुई कशी घ्याची ते शिकवलं. आत्यानं पोटाची चिमूट धरली, सुई टोचली, डोया बी लवला नाई. तिकडं बाकावर कोनी तरी चक्कर येऊन आडवं झालं होतं म्हने, डॉक्टरनं पैले त्याच्याकडं धाव घेतली. कोन होतं ते जाऊ द्या. सकाळपासून जेवलो नव्हतो मी.

दोन महिन्यात जखम भरली. अंगठा जागच्या जागी हाये, आत्या परत तलावात हाये. आता बाजूच्या गावात कोनी इन्सुलिनले नाई म्हनलं का दीपिका आत्याले गाडीवर बसवून नेते. आत्या तिथी चिठ्ठी, बीज, टाकी, सगळं समजावून सांगते, आन शेवटी म्हनते, "दारूचा बदला घ्याचा असन तर सुई घ्या."

राह्यला फळा. त्यावर यंदा एकच नाव हाये. माहं. पुरं नाव, तारीख, वीस लिटर. म्या आत्याले म्हनलं, "आत्या, तुहा अंगठा वाचला माह्यामुळं. आता तरी पुस ना."

"वाचला, खरं हाये," आत्या म्हने. "पन ठराव हाये. पुसता येत नाई. तरी तुह्यासाठी खाली एक ओळ टाकाले लावली म्या. जाऊन पाय."

मी खुशीत धावत गेलो. वाटलं, शास्त्रज्ञ वगैरे लिहिलं असन. नावाच्या खाली लिहून होतं: "अजून शिकून राह्यला."

ते बी ऑइल पेंटनं.