झेंड्याची नजर

आमच्या सोपानदादाच्या दारात येऊन कुणाला "घरात हाय का कुणी?" असं विचारावं लागत नाही. पाहुणा अजून ओढ्यापलीकडे असतो तेव्हाच ओट्यावरून दादाची हाक जाते. नुसत्या नावावर तो भागवत नाही. "या पावणं, मेथी आणली वाटतं," असं म्हणून पिशवीतलंही सांगतो. पाहुणा गार पडला की छाती ठोकून म्हणणार, "आपली नजर म्हंजी कंपनी फिटिंग."

आता हे धादांत खोटं. दादा माझा चुलतभाऊ, महाळुंगे पडवळला आमची घरं भिंतीला भिंत लागून. शाळेपासून त्याला सोडाबाटलीच्या बुडासारखा चष्मा होता. जत्रेतल्या बैलगाड्यांच्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढाच्या पट्टीवर, वरच्या रेघेपाशी झेंडा धरायचा, एवढीच त्याची आयुष्यातली हौस. गाड्याने रेघ ओलांडली की झेंडा खाली, आणि झेंडा पडला की घड्याळ बंद. पण धुरळ्यात काचा भरतात, म्हणून जुनी मंडळी चष्मेवाल्याच्या हाती झेंडा देत नसत. दादाने पुण्याला जाऊन लेझर करून घेतलं. पुढच्याच जत्रेत झेंडा त्याच्या हातात आला आणि पंधरा-सोळा वर्षं तिथेच राहिला.

डॉक्टरांनी दरवर्षी दाखवायला बोलावलं होतं. चाळिशीत जवळचा चष्मा लागेल, लांबचाही नंबर थोडाफार परत येऊ शकतो, असंही सांगितलं होतं. "चांगली गाडी कोण गॅरेजला नेतं?" म्हणत दादा एकदाही गेला नाही.

अलीकडे तो मोबाईल हातभर लांब धरून वाचायचा आणि अक्षरं बारीक केली म्हणून कंपनीला शिव्या द्यायचा. रात्री समोरच्या गाडीच्या दिव्यांना गोंडे फुटलेले दिसायचे. तिथेही चूक दिव्यांची. एकदा वहिनी रानात गेली असताना त्याने मीटर बघायला आलेल्या माणसाला मेव्हणा समजून मिठी मारली. त्या बिचाऱ्याने चहा प्यायला, सासरची खुशाली सांगितली आणि मगच मीटरला हात लावला. आम्ही हसलो. हसायला नको होतं, हे आता वाटतं.

यंदाच्या जत्रेत ऊन कलताना पिंपळवंडीच्या तात्यांचा गाडा आला. असा सुटला की बसलेली माणसं उभी राहिली. गाडा रेघेवरून गेला आणि झेंडा मागाहून पडला. मी शेजारीच होतो, मला दिसलं. तात्यांच्या बैलांचा पहिला नंबर हुकला. पण कुणी हरकत घेतली नाही. उलट तात्यांनीच येऊन दादाच्या कपाळाला गुलाल लावला. म्हणाले, "सोपानरावांनी टाकला म्हंजी टाकला."

तो गुलाल दादाला झोंबला. रात्री तो जेवला नाही. सकाळी माझ्या गाडीवर मागे बसला आणि पिंपळवंडीला चल म्हणाला. तात्या गोठ्यात होते. दादा तिथेच उभ्या उभ्या म्हणाला, "तात्या, पयला गाडा तुमचाच व्हता. मला रेघ दिसली न्हाई."

तात्यांनी बैलाच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "बैलाला कुठं ठावं, पयला का दुसरा. तुमी आधी डोळं दाखवा राव."

दादाने झेंडा पंचमंडळींकडे परत केला आणि नारायणगावला डोळे तपासले. फार काही बिघडलेलं नव्हतं. नंबर परत आला होता, साध्या चष्म्याने भागणार होतं. एवढ्याशासाठी आपण तात्यांच्या बैलांचा मान घालवला, हे त्याच्या मनाला फार लागलं.

चष्मा आला त्या दिवशी मी ओट्यावर त्याच्याजवळ बसलो होतो. ओढ्यापलीकडे कुणीतरी दिसलं. दाराआडून वहिनी सवयीने हळूच बोलली, "धोंडूभावजी हायेत. हातात दुधाची किटली हाय."

दादाची कंपनी फिटिंग मला तेव्हा कळली. दादाने हाक मारली नाही. वळून तो चष्म्यातून वहिनीकडे नुसता बघत राहिला.

"तुझं केस कवा पिकलं गं?"

वहिनीने पदर डोक्यावर ओढला. म्हणाली, "तुमी लांबचं बघत व्हता, तवा."