टोमॅटोला कळता कामा नये

सबनीसकाका कुणाकडे जेवायला गेले की हातात मिठाईचा डबा नसतो, ओल्या पंच्यात गुंडाळलेला दगड असतो. धार लावायचा, जपानी. आल्याआल्या ते घरातल्या सुऱ्या मागून घेतात आणि पानं वाढेपर्यंत ओट्यापाशी घासत उभे राहतात. मग एक टोमॅटो कापून दाखवतात. "टोमॅटोला कळता कामा नये, की आपण कापले गेलो. खलास!"

इथे आखातात, जुमेरा लेक टॉवर्समधले हे आमचे शेजारी. डीआयपी या उद्योगवसाहतीतल्या एका जपानी कारखान्यात नोकरी करता करता त्यांना हे वेड लागलं. माझी सुरी पहिल्यांदा बघून म्हणाले, "मेधा, तू भाजी चिरत नाहीस, तिचा छळ करतेस." त्यात माझी काकडी कायम जाड-बारीक. पानातली एकेक चकती उचलून ते बघत बसायचे आणि उसासा टाकायचे. असा राग यायचा मला!

त्यांच्याकडच्या एका सुरीला मात्र हात लावायची कुणाला परवानगी नव्हती. लाकडी म्यानात ठेवलेली, एकाच बाजूने घासून उतार दिलेली. दर रविवारी ते तिला धार लावायचे, तेल लावून पुसायचे आणि परत ठेवून द्यायचे. तिने कधी काही चिरलेलं आम्ही पाहिलं नाही. नुसती धार लावून लावून पातं अरुंद होत चाललं होतं.

काकूंना जाऊन दोन वर्षं झाली त्या दिवशी मी स्वयंपाकाला मदत करायला गेले. कोशिंबीर राहिली होती. तेवढ्यात कॅनडाहून मुलाचा फोन आला, काका बाहेर गेले. बाकीच्या सुऱ्या दगडाशेजारी ओल्या पडल्या होत्या. मी ती म्यानातली काढली.

उजव्या हाताने कापायला गेले तर पातं तिरकं पळायला लागलं. लहानपणी आईने माझा डावा हात रागावून रागावून सोडवला होता. आता कुणी बघत नव्हतं. मी सुरी डाव्या हातात घेतली, आणि काकडीच्या चकत्या कागदासारख्या पडू लागल्या.

मान वर केली तर दारात काका. मी घाबरून सुरी पटकन उजव्या हातात घेतली.

"नको, बदलू नकोस," ते म्हणाले. "ती डाव्या हाताचीच आहे. तुझ्या काकूसाठी मुद्दाम घडवून घेतली होती."

काकू डावखुऱ्या? चार वर्षं मी त्यांच्या हातचं जेवले. चिरणं, वाढणं, सगळं उजव्या हाताने.

"आईला चालायचं नाही आमच्या. आणि मी आईच्याच बाजूने. लोकांसमोर तरी उजवा हात वापर, असं तीस वर्षं म्हणत आलो. तिची काकडी तुझ्यासारखीच व्हायची, जाड-बारीक. मी हसायचो गं. तिकडे डाव्या हाताची सुरी वेगळी करतात हे ऑफिसातल्या जपानी साहेबाने सांगितलं, तेव्हा कुठे लाज वाटली. पार्सल आलं तेव्हा ती हॉस्पिटलमध्ये होती. म्हणाली, घरी आले की कापते, इन्शाल्ला."

काकांनी उरलेली काकडी माझ्यापुढे सरकवली आणि ती कापून होईपर्यंत डोळे मिटून आवाज ऐकत राहिले.

काकूंच्या फोटोपुढे पान मांडलं. कोशिंबीर वाढायला मी सवयीने चमचा उजव्या हातात घेतला. काकांनी तो हळूच काढून माझ्या डाव्या हातात दिला.

"वाढ," ते म्हणाले. "आता तिला कुणी काही म्हणणार नाही."