बॅगशॉ मास्तरांची घसरण

"हिवाळी टायर म्हणजे स्वेटर," बॅगशॉ मास्तर म्हणाले. "ज्याचं रक्त थंड, त्याने घालावा."

गुरुवारची सकाळ होती. खिडकीबाहेर चार बोटं बर्फ पडला होता, आणि त्यांच्या बायकोने, बेरिलने, फक्त एवढंच विचारलं होतं की दुपारी हॉलवर चालत जायचं का.

क्लिफर्ड बॅगशॉ यांनी आमच्या रॅव्हन्सलो गावात एकतीस वर्षं मोटार शिकवली. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी शिकवणं काही सुटलं नव्हतं. फक्त आता त्याचे पैसे मिळत नसत. गावात ज्यांच्या खिशात परवाना आहे त्यांतल्या दहांपैकी आठ जणांना तो मास्तरांच्याच कृपेने मिळालेला. पोस्टमन त्यांचा, खाटीक त्यांचा, चर्चच्या पाद्रीबाईही त्यांच्याच. पाद्रीबाई चौथ्यांदा नापास झाल्या तेव्हा मास्तरांनी त्यांना धीर दिला होता, "देवावर विश्वास ठेवा, पण आरशात बघा."

आता, बर्फाचे टायर घातलेच पाहिजेत असा कायदा इंग्लंडात नाही. कायदा नसला की मतं असतात. त्यामुळे दर नोव्हेंबरात रॅव्हन्सलोची फाळणी ठरलेली. एक पक्ष म्हणतो, वर्षातून दहा दिवस बर्फ पडतो, त्यासाठी टायरचा दुसरा जोड कोण घेणार आणि उन्हाळ्यात तो ठेवणार कुठे? दुसरा पक्ष म्हणतो, तंगडी मोडायला एक दिवस पुरतो. पहिल्या पक्षाचे नेते अर्थातच मास्तर. दुसऱ्याची नेता हेदर, फिरती नर्स. ती चार वर्षांपूर्वी लीड्सहून आली, आणि डोंगरावरच्या शेतांवर जाऊन म्हाताऱ्यांच्या पायाची पट्टी बदलणं हे तिचं रोजचं काम.

"मास्तर, छत्रीसुद्धा पाऊस असेल त्याच दिवशी लागते," ती एकदा दुकानात म्हणाली होती.

"मी छत्री वापरत नाही," मास्तर म्हणाले. "मी टोपी घालतो."

दुकान हसलं. आमच्या गावात ज्याच्या बोलण्यावर दुकान हसतं त्याचं म्हणणं खरं ठरतं. हेदर आपली पावाची लादी घेऊन निघून गेली आणि दुसऱ्या दिवशी बर्फातून डोंगरावर पट्टी बदलायला पोचली. ते कोणाच्या लक्षातही आलं नाही, कारण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

मग महिला मंडळाच्या अध्यक्षा मिसेस ट्विग यांनी मास्तरांना व्याख्यानाचं आमंत्रण दिलं. विषय मास्तरांनीच सुचवला: 'बर्फातलं सारथ्य: टायर की टाळकं?' तारीख ठरली जानेवारीतला दुसरा गुरुवार, दुपारी दोन. नेमका त्याच सकाळी बर्फ पडला. दुसऱ्या एखाद्या गावात कार्यक्रम रद्द झाला असता. पण आमच्या बायका चहाचं सामान आणल्यावर कार्यक्रम रद्द करत नाहीत.

"चालत?" मास्तरांनी टोस्ट खाली ठेवला. "बर्फात गाडी कशी चालवावी हे सांगायला मी चालत जाऊ? पोहायला शिकवणारा माणूस तळ्याला वळसा घालून जातो का?"

"बरं. मग सावकाश चल."

"तू उगाच काळजी करतेस, बेरिल."

"मी कुठे करतेय?" बेरिल म्हणाली, आणि खरंच ती करत नव्हती.

दीड वाजता दोघं निघाले. बेरिलच्या मांडीवर अक्रोडाचा केक होता. फाटकाबाहेर थोडासा चढ आहे; शेजाऱ्यांची गाडी सकाळपासून तिथेच चाकं फिरवत बसली होती. मास्तरांची निळी गाडी मात्र मांजरासारखी अलगद वर चढली.

"बघितलंस?" मास्तर खुलले. "साधे टायर, चार वर्षांचे जुने! सगळी गंमत या दोन पायांत आहे."

बेरिलने खिडकीबाहेर पाहिलं. तिकडे बघण्यासारखं काही नव्हतं.

चर्चचं वळण आलं, गाडी जराही हलली नाही. दुकानासमोरचा उतार आला, तोही पार पडला. दुकानाच्या काचेतून दोघांनी बघितलं म्हणून मास्तरांनी हॉर्न वाजवला. माणसाला आपल्या पायांचं कौतुक वाटू लागलं की पाय जड होतात. क्वारी लेनच्या माथ्यावर पोचेपर्यंत गाडी तिसऱ्या गिअरमध्ये होती आणि मास्तर शिटी वाजवत होते.

क्वारी लेन म्हणजे गावाच्या वरच्या अंगातून खालच्या अंगात सोडलेली घसरगुंडी आहे. तिच्या मधल्या वळणावर झऱ्याचं पाणी रस्त्यावर येतं आणि रात्रीतून त्याची काच होते. हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मास्तरांना तर इतकं माहीत होतं की एकतीस वर्षं ते प्रत्येक विद्यार्थ्याला त्या वळणावर थांबवून सांगत, "इथे ब्रेक मारशील तर मला तोंड दाखवू नकोस."

वळणावर एक मेंढी उभी होती. कुंपणातून सुटलेली असावी. तिने मास्तरांकडे पाहिलं, मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, आणि मास्तरांनी कचकन ब्रेक मारला.

मेंढी वाचली. गाडीच्या पुढच्या बाजूने थांबायचं ठरवलं, मागच्या बाजूला ते पटलं नाही, आणि निळी गाडी आडवी होऊन खाली निघाली. वेग म्हणाल तर फार नव्हता. माणूस सहज चालतो तेवढाच. वाईट होतं ते हेच. जोरात आपटली असती तर दोन सेकंदांत प्रकरण मिटलं असतं. या वेगाने लेनमधल्या प्रत्येकाला कोट घालून, बूट चढवून बाहेर यायला सवड मिळाली.

"मास्तर, पाय!" पोस्टमन भिंतीआडून ओरडला. "ब्रेकवरचा पाय काढा!"

"जिकडे सरकतेय तिकडे चाक फिरवा!" खाटीक दुकानाच्या पायरीवरून ओरडला. "तुम्हीच सांगितलं होतंत!"

"आरशात बघा, मास्तर!" पाद्रीबाईंना राहवलं नाही.

मास्तरांनी आरशात पाहिलं. आरशात मेंढी दिसत होती. ती अजून बघत होती.

मग हाताला सवय म्हणून त्यांनी डावीकडे वळण्याचा दिवा लावला. गाडी त्या वेळी डावीकडेच सरकत होती, तेव्हा त्यात नियमभंग असा काही झाला नाही.

"क्लिफ," बेरिल केक छातीशी धरून म्हणाली, "हॉल आला."

"दिसतोय मला!"

"तुला नाही दिसणार. माझ्या बाजूने येतोय."

गाडीने आपली डावी कूस हॉलच्या भिंतीला हळूच टेकवली आणि ती थांबली. थांबली ती बरोबर मुख्य दारासमोर. ते दार बाहेर उघडतं. आत अडतीस बायका होत्या. हॉलला दुसरं दारही आहे, पण छपरावरून घसरलेला बर्फ तिथे कमरेइतका साचला होता. थोडक्यात, व्याख्यान सुरू होण्याआधी श्रोते निघून जाण्याचा धोका टळला होता. प्रश्न फक्त वक्त्याने आत कसं यायचं हा होता.

स्वयंपाकघराची खिडकी उघडली. मिसेस ट्विग यांचं डोकं बाहेर आलं.

"कोणाला लागलं का?"

"नाही," बेरिल म्हणाली.

"मग आधी केक द्या."

आधी केक आत गेला. मग बेरिल गेली. मग एकाहत्तर वर्षांचे मास्तर खिडकीत चढले. खाली भांडी घासायचं बेसिन होतं. त्यांचा पट्टा नळात अडकला, तेव्हा चार बायकांनी त्यांना वासराला ओढावं तसं ओढून घेतलं. हेदरने नाडी बघितली आणि "जिवंत आहेत" असा निर्वाळा दिला. तिने एवढंच म्हटलं, अवाक्षर जास्त नाही, आणि तेच मास्तरांना सगळ्यात जास्त झोंबलं.

दोन वाजून दहा मिनिटांनी मास्तर व्यासपीठावर उभे राहिले. पँट गुडघ्यापर्यंत ओली होती. खिशात बारा पानांचं भाषण होतं, त्याची पहिली ओळ होती 'घसरते ती गाडी नसते, माणूस असतो.' मास्तरांनी ती पानं काढली, पाहिली, आणि परत खिशात घातली. एकतीस वर्षं खिडकीला नाक लावून बसलेल्या परीक्षकांना तोंड दिलेला माणूस तो. अडचणीत गिअर बदलायची कला त्यांच्याकडे होती.

"भगिनींनो," ते म्हणाले, "आज मी तुमच्यासमोर एक कबुली द्यायला उभा आहे."

सगळीकडे चमचे थांबले.

"कित्येक वर्षं मी या गावाला सांगत आलो की हिवाळी टायर म्हणजे थेर आहेत. मी चुकलो. ज्या माणसाने अर्ध्या गावाला गाडी शिकवली, त्याचीसुद्धा गाडी आज साध्या टायरांवर अशी घसरली! मग तुमचं काय होईल? कौशल्य काय करणार, जेव्हा रबरच साथ देत नाही? मी हात जोडून सांगतो, हिवाळी टायर घ्या. रोज दुकानापर्यंत जात असाल तरी घ्या. आणि हेदर, पोरी, मला माफ कर."

हॉल गहिवरला. कोणी नाक शिंकरलं. हेदरचेही डोळे भरून आले. चार वर्षं एकटीने बरोबर असणं दमवणारं असतं. टाळ्या पडल्या. मास्तर स्वतःच्याच मोठेपणाने जरा हेलावले. फक्त बेरिल केक कापत होती, तिचा हात तेवढा मध्येच थांबला.

"क्लिफ, जरा ऐक—"

"नाही, बेरिल! मला बोलू दे. चूक कबूल करायला लाजायचं कशाला?"

"लाजू नकोस रे, पण—"

"टायर!" मास्तरांनी टेबलावर मूठ आपटली. "दोष टायरांचा! बाकी कशाचाही नाही!"

त्याच वेळी स्वयंपाकघराच्या खिडकीत लेस उगवला. लेस म्हणजे लेनच्या तळाशी ज्याचं गॅरेज आहे तो. गाडी ओढून काढायला तो ट्रॅक्टर घेऊन आला होता आणि गाडीखाली वाकून आला असावा, कारण कपाळाला बर्फ लागला होता.

"मास्तर, टायरांना कशाला शिव्या देताय?" त्याने तिथूनच आवाज दिला. "टायर हिवाळीच आहेत की! चारही नवे कोरे. बाजूला डोंगर आणि बर्फाचं फूल ही हिवाळी टायरची खूण स्पष्ट दिसतेय. मीच बसवले नोव्हेंबरात, तुम्ही दात काढायला गेला होतात त्या दिवशी. बेरिलबाईंनी सांगितलं नाही का?"

चहाची मोठी किटली तेवढी बुडबुडत राहिली.

मास्तरांनी बेरिलकडे पाहिलं. बेरिलने केकचा तुकडा बशीत ठेवला. "सांगितलं असतं तर तू काढून टाकले असतेस," ती शांतपणे म्हणाली.

आता अडतीस डोक्यांत एकच गणित सुरू झालं. टायर चांगले. गाडी घसरली. म्हणजे उरलं कोण? उत्तर अगदी सोपं होतं आणि ते व्यासपीठावर ओल्या पँटमध्ये उभं होतं. पण त्या उत्तराला एक शेपूट होतं. मास्तरांना गाडी चालवता येत नसेल, तर त्यांनी ज्यांना शिकवलं त्यांना काय येत होतं? हॉलमधल्या एकतीस बायका मास्तरांच्या हाताखालून गेलेल्या. मिसेस ट्विग सहाव्या खेपेला पास झालेल्या. एकेक जण आपापल्या कपात बघू लागली.

"पण मग याचा अर्थ," हेदर म्हणाली, "चूक चालव—"

"केक घे गं," मिसेस ट्विग यांनी तिच्या तोंडासमोर बशी धरली. मग त्या उभ्या राहिल्या. "मला वाटतं, दोष त्या लेनचा आहे. तिचा उतारच मुळात चुकीचा आहे."

हॉलमध्ये सुटकेचा असा निःश्वास सुटला की खिडक्यांवर वाफ धरली.

"चुकीचाच आहे!"

"आणि मीठ टाकलं होतं का कोणी? नाही!"

"त्या मेंढीचा मालक कोण, ते आधी शोधा."

पाच मिनिटांत ठराव झाला की जिल्हा परिषदेला कडक पत्र पाठवावं. टायरांबद्दल ज्यांनी ते घेतले होते त्या म्हणाल्या, "बघा, हे टायर असून एवढी घसरली, नसते तर कुठे गेली असती!" ज्यांनी घेतले नव्हते त्या म्हणाल्या, "बघा, असून काय उपयोग झाला?" एकीचंही मत बदललं नाही. आणि अडतीस जणींनी एकमताने मास्तरांचे आभार मानले, अत्यंत उद्बोधक व्याख्यानाबद्दल.

चार वाजता लेसने गाडी मोकळी केली. डाव्या दाराला पोचा आला होता, एवढंच. मास्तर बाहेर आले तर बेरिल चालकाच्या जागी बसलेली. बेरिल गाडी मास्तरांकडे शिकली नव्हती. पलीकडच्या खोऱ्यात तिच्या मावशीचा दुधाचा धंदा होता. एकोणिसाव्या वर्षी ती मावशीची दुधाची गाडी चालवायची. लग्नानंतर मास्तर बाजूला बसून सूचना द्यायचे, म्हणून तिने चाळीस वर्षं चालवणंच टाळलं होतं.

"लेन वाईट आहे," मास्तर दारात उभे राहून म्हणाले. "ठरावच झालाय तसा."

"ऐकलं मी. बस."

ते बसले. बेरिलने दुसरा गिअर टाकला आणि चहा ओतावा तशी गाडी सोडली. काचेच्या वळणावर ती कडेने, ताज्या बर्फावरून गेली. कुठे घाई नाही, कुठे थांबणं नाही. मास्तरांनी उजवा पाय जमिनीत रोवून दाबला.

"काय करतोयस?"

"पायाला मुंग्या आल्यात."

"बरं."

मेंढीला कोणीतरी घरी नेलं होतं. वळणापुढे पोस्टमन, खाटीक आणि पाद्रीबाई फावडी घेऊन बर्फ ओढत होते. बेरिलने समोर पुसलेली वीतभर जागा सोडली तर गाडीच्या काचांवर आतून दाट वाफ धरली होती, बाहेरून दोन आकृत्यांपलीकडे काही दिसत नसावं. गाडी वर येताना पाहून तिघंही फावडी टेकून सरळ झाली.

"वा, मास्तर!" खाटीक ओरडला. "मानलं तुम्हाला! याला म्हणतात हात!"

"शेवटी गुरू तो गुरू!" पोस्टमनने टोपी काढली.

मास्तरांनी काचेतून हात वर केला आणि हलवला.

बेरिलने रस्त्यावरून नजर हटवली नाही. "दुसराही वर कर, क्लिफ," ती म्हणाली. "म्हणजे त्यांना कळेल गाडी कोण चालवतंय."