विरूपाक्ष सरांची हक्काची चूक

पालकांना संदेश पाठवणारा आसिफचा छोटा प्रोग्रॅम, त्याच्या भाषेत ‘स्क्रिप्ट’, महिनाभर बिनतक्रार चालला, ही गोष्ट विरूपाक्ष सरांच्या जिव्हारी लागली होती.

लातूरच्या त्या कोचिंग क्लासमध्ये विरूपाक्ष भौतिकशास्त्र शिकवीत आणि संगणकही आपल्यालाच कळतो असे मानीत. आसिफ कार्यालयात कामाला होता. नांदेडला नवी शाखा निघणार होती. तिचा प्रमुख या दोघांपैकी एक होणार होता आणि संचालक गुरुपादप्पा अलीकडे आसिफचे नाव संशयास्पद वारंवारतेने घेत होते.

म्हणून वार्षिक भूकंप-सरावाचा संदेश पाठवण्याचे काम विरूपाक्षांनी मागून घेतले.

“माझीच स्क्रिप्ट घ्या की सर,” आसिफ म्हणाला. “‘-न’ लिहून फुडं पाठवणाऱ्याचं नाव द्यायचं. ‘-स’ लिहिलं की ‘हा केवळ सराव आहे’ हे वाक्य आपोआप लागतंय. हे पर्याय वाचायला तयार लायब्ररी, म्हंजी दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला कोड, लावलीय. नाव इसरलं तर ती फुडं जाऊच देत न्हाई.”

“तयार लायब्ररी म्हणजे गाइड बघून उत्तर लिहिणं. मी स्वतः लिहीन.”

त्यांनी लिहिली. पर्याय तेच ठेवले. ‘-न’ दिसले की पुढचा शब्द हे नाव, असा सरळ नियम केला. तो शब्द खरोखर नाव आहे की दुसराच पर्याय, हे तपासण्याची तरतूद केली नाही. वेंधळ्यांच्या सोयीसाठी लिहिलेल्या ओळी त्यांना मान्य नव्हत्या.

सरावाच्या दिवशी त्यांनी ‘-न -स’ अशी आज्ञा दिली. मधे नाव लिहिले नाही. स्वतःच्या स्क्रिप्टने स्वतःचे नाव ओळखावे, ही अपेक्षा त्यांना अवाजवी वाटली नाही. स्क्रिप्टने मात्र नियम पाळला. ‘-स’ हेच नाव आहे असे तिने गृहीत धरले. साहजिकच सरावाचे वाक्य लागले नाही आणि सर्व पालकांना संदेश गेला: ‘भूकंप. विद्यार्थ्यांनी तत्काळ इमारतीबाहेर यावे. आपला, -स.’

या जिल्ह्यात त्या पहिल्या शब्दाचा अर्थ कोणी शब्दकोशात पाहत नाही. वर्गात फोनला सक्त बंदी होती, त्यामुळे ज्यांच्याकडे फोन नाही अशी खात्री होती त्या सर्व मुलांचे फोन एकदम वाजले. “वह्या टाक अन् पळ भायेर!” पलीकडून पालक ओरडत होते. दरवर्षी सरावात ‘एवढं गणित सोडवून येतो’ म्हणणारी मुले जिन्यावरून लोटली. त्यांच्या पुढे वसतिगृहाचे रेक्टर होते. पाठोपाठ चाकूरहून जीप भरून पालक आले.

“भाकर तव्यावर टाकून आलाव आमी!” एका विद्यार्थिनीची आजी केवळाबाई फाटकातूनच ओरडली. “कोन हाय त्यो वजा-स? फुडं आना त्याला!”

गुरुपादप्पांनी विचारले, “संदेश कोणी पाठवला?”

“स्क्रिप्टा आसिफच लिहितो,” विरूपाक्ष म्हणाले. सर्वसाधारण विधान म्हणून ते खरे होते.

गुरुपादप्पांनी रिकाम्या इमारतीकडे पाहिले, मग भरलेल्या मैदानाकडे. “आजवर एका तरी सरावात ही पोरं बाहेर आली का? आसिफ, शाबास! नांदेडला तूच.”

विरूपाक्ष घाईने पुढे झाले. “सर! ती चूक माझी आहे! संपूर्ण माझी! आसिफला अशी चूक करताच येणार नाही!”

जमाव त्यांच्याकडे वळला. केवळाबाईने पदर खोचला. तेवढ्यात आसिफ मधे आला.

“न्हाई मावशी, चूक माझी हाय. सर मला वाचवायला बोलायलेत.”

“साफ खोटं! चला, पडद्यावर पुरावा दाखवतो!”

“बगा की,” केवळाबाईचा आवाज मऊ झाला, “दुसऱ्याच्या लेकरापायी किती जीव तुटायलाय!”

गुरुपादप्पाही गहिवरले. “आणि मला वाटायचं, तुमचं याच्याशी पटत नाही.”

विरूपाक्षांवर आजवर पुष्कळ आळ आले होते. मोठ्या मनाचा हा पहिलाच. तो तातडीने खोडून काढणे आवश्यक होते.

“मला त्याचा हेवा वाटतो!” ते जीव तोडून म्हणाले. “त्याचं कौतुक मला सोसत नाही! रात्री झोप येत नाही!”

सगळे मैदान खदखदून हसले. केवळाबाईने तर पुढे होऊन सरांच्या चेहऱ्यावरून हात ओवाळले आणि कडाकडा बोटे मोडली.